कोपऱ्यातली चौकट

१

माणसाला राग कशाचा यावा याला काही धरबंध नसतो. मोठमोठी संकटं हसत झेलणारी माणसं गळक्या नळापायी वेडीपिशी होतात. मावशीचा जीव खाल्ला तो एका 'टिंग'ने.

मावशी पुस्तकं वाचायची. आपण वाचतो तशी मनातल्या मनात नव्हे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ती मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. अंधांच्या वाचनालयातल्या बाई पुस्तकं पाठवायच्या, मावशी आवाज पाठवायची. ऐकणारी मंडळी तिला 'वाचनमावशी' म्हणायची, आणि ते नाव असं चिकटलं की इमारतीतले तिच्याहून म्हातारे लोकही तिला मावशीच म्हणू लागले.

मागची अडगळीची खोली तिने यासाठी बळकावली होती. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, दाराला आतून जाड रजई, आणि टेबलावर घरातला एकुलता एक कॉम्प्युटर. मायक्रोफोनवर नवऱ्याचा लोकरी पायमोजा चढवलेला, श्वासाची फूफू आत जाऊ नये म्हणून. पायमोजा धुतलेला आहे हे ती आल्यागेल्याला आवर्जून सांगायची. कानाला हेडफोन लावून ती बसली की बाहेर जग बुडालं तरी तिला पत्ता नसे.

आणि नेमकं वाक्य रंगात आलं की, टिंग.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट उगवायची. 'अभिनंदन! आपण फोन जिंकला आहात आहे.' 'आपले पोट झोपेत वितळवा.' 'आपल्या संगणकास किडे आहेत, येथे दाबा.' ती फुलीवर टिचकी मारायची, घसा खाकरायची, वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. दोन ओळी होत नाहीत तोच दुसरी चौकट.

"आले पाहुणे!" ती ओरडायची. "ना बोलावणं, ना चहाची वेळ!"

बाहेरून काका विचारायचे, "कोण आलंय गं?"

"तुमचे सोयरे!" ती म्हणायची. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

२

काका म्हणजे मावशीचे यजमान. जन्मभर लोकांच्या लिफ्टी दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या धंद्याने त्यांना एक सवय लावली होती. अडकलेल्या लिफ्टमधून कुणी हाक मारली तर त्याला 'नाही' असं कधी म्हणायचं नाही. 'होतंच आलंय', 'बघतोच', 'थोड्या वेळात' असं काहीतरी म्हणायचं. नाही ऐकलं की आतला माणूस खचतो. ही सवय घरीदारी सगळीकडे पसरली. दारावर विक्रेता येवो की नातेवाइकाचं लग्न निघो, काकांचं उत्तर ठरलेलं, 'नंतर'.

चौकटींचा उपद्रव सुरू झाला तोही त्यांच्याच हातून. गेल्या वर्षी मावशी फार आजारी पडली. डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. त्या दिवसांत काका हॉस्पिटलातून घरी आले की कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि तिच्या आजाराबद्दल जे सापडेल ते उघडायचे. जे पान जे विचारेल त्याला 'हो' दाबायचे. आशेला लागलेला माणूस आणखी काय करणार? मग एक दिवस मावशीचा ताप उतरला तो उतरलाच. ती घरी आली, वाळकी काटकी होऊन, पण आवाज शाबूत. आणि घरी येऊन पाहते तर हे पाहुणे.

तेव्हापासून काका तिच्या शेजारी स्टुलावर येऊन बसू लागले. "तू वाच," म्हणाले, "मी माउस सांभाळतो." ती वाचायची, काका कोपऱ्यावर डोळा ठेवून बसायचे, टिंग झालं की मारली फुली. मावशीला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर भरूनही यायचं. ज्या माणसाला धड दहा मिनिटं गप्प बसवत नाही तो तिच्यासाठी मुका होऊन बसला होता.

पण एक चौकट आली की काकांचं वागणं बदलायचं. चष्मा सारखा करून ते पुढे वाकायचे, माउस जपून हलवायचे, अगदी हळू दाबायचे. मग छातीतून मोठा श्वास सुटायचा.

एकदा काका दुधाचं पातेलं बघायला उठले आणि नेमकी तीच चौकट उगवली. राखाडी रंगाची, चित्र नाही, झगमग नाही.

'न्यायला आलोय. निघायचं का?'

खाली दोनच बटणं. 'हो' आणि 'नंतर'. फुली नव्हतीच. भाड्याच्या गाडीची जाहिरात असेल असं म्हणून मावशीने जवळचं बटण दाबायला माउस नेला, तो मागून काकांनी तिचं मनगट धरलं. हातात दुधाचा चमचा तसाच होता.

"नंतर दाब," ते म्हणाले.

"अहो, दुखतंय!"

"नंतर दाब म्हणतो ना."

तिने दाबलं. चौकट गेली. काका चमच्याकडे बघत म्हणाले, "उतू गेलं वाटतं," आणि स्वयंपाकघरात गेले.

मावशीला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे, बाकीचे पाहुणे मोडकंतोडकं बोलायचे, हा मात्र घरच्यासारखं बोलत होता. दुसरी गोष्ट संध्याकाळी लक्षात आली. रेकॉर्डिंगमधले नको ते आवाज कापायला तिने हेडफोन लावले. टिंग ऐकू आलं, तिचं 'अहो, दुखतंय' आलं, बटणाचा टक् आला. आणि मग पावलं. कुणीतरी जिना उतरून जात होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं.

शेजारचं कुणी असेल, तिने स्वतःला समजावलं. वरच्या मजल्यावर शेजारच नाही, हे तिला पांघरूण घेतल्यावर आठवलं.

३

शेवटी तिने भाचीला बोलावलं. भाचीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जिभेला तिथल्या स्क्रू-ड्रायव्हरइतकीच धार.

"काका," यादी उघडून ती म्हणाली, "तुम्ही अख्ख्या जगाला हो म्हणून बसलाय! ही बघा, जेवढ्या साइट उघडल्यात तेवढ्यांना आत यायची परवानगी. घर आहे की धर्मशाळा?"

"काढ सगळ्यांना," मावशी म्हणाली.

"काढ," काकाही म्हणाले. मग खालच्या आवाजात, "तेवढी एक राहू दे."

"कुठली एक?"

"राखाडी. ती काही त्रास देत नाही."

भाचीने एकेक करून सगळ्यांची हकालपट्टी केली. पोट वितळवणारे गेले, बक्षीसवाले गेले, किडेवाले गेले. यादी कोरी झाली. पुन्हा काही शिरू नये म्हणून तिने इंटरनेटची वायरच उपटून ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता चहा."

टिंग.

'न्यायला आलोय. निघायचं का?'

भाचीने उपटलेल्या वायरीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. काकांनी तिच्या हाताखालून माउस घेतला, 'नंतर' दाबलं आणि परत दिला.

"आधीच कुठेतरी साठून राहिलं असेल," ती म्हणाली. पण तिची धार जरा बोथट झाली होती. बराच वेळ शोधूनही ती चौकट कुठून येते ते तिला सापडेना. "मावशी, हा इथे सेटिंगमध्ये मोठा खटका आहे. हा बंद केला की कुणाचीच चौकट दिसणार नाही. करू का?"

"नको," काका म्हणाले. काकांच्या तोंडून 'नाही'च्या इतकं जवळचं काही मावशीने कधी ऐकलं नव्हतं.

भाची गेली. मावशीने तो खटका कुठे होता ते मात्र नीट पाहून ठेवलं होतं.

४

हातातलं पुस्तक संपत आलं होतं. दीपगृहावर राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट, शेवटचं प्रकरण चालू होतं. वाचनालयाच्या बाई यानंतरचं पुस्तक घ्या म्हणून मागे लागल्या होत्या. ते होतं देशोदेशीच्या पुलांच्या इतिहासाचे सहा जाडजूड खंड. त्याला मावशीने काकांचंच उत्तर दिलं होतं, 'नंतर'.

मावशी सकाळी वाचायला बसत नसे, म्हणून काका केस कापायला गेले होते. पण त्या सकाळी तिला राहवलं नाही. मावशी वाचत होती. धाकटी बहीण दिवा विझवायला जिना चढते, शेवटची पायरी येते, आणि...

टिंग.

"अरे, मेल्या!" मावशीने पुस्तक आपटलं. 'नंतर' वगैरे न दाबता ती सरळ त्या खटक्याकडे गेली आणि बंद केला. चौकट विरघळून गेली.

मग जी शांतता पसरली, ती काय वर्णावी! शेवटची दोन पानं पुढच्या बैठकीला राखून मावशीने ते प्रकरण एका दमात वाचून काढलं. स्वतःच्या आवाजावर ती स्वतःच खूश झाली. काका परत आले तेव्हा ती गुणगुणत भाजी चिरत होती.

दुपारी ते नेहमीसारखे स्टुलावर बसले. बराच वेळ कोपऱ्याकडे पाहत राहिले.

"आज काही आलं नाही," ते म्हणाले.

"येणारही नाही. मी बंद केलं."

काकांच्या नव्याने कापलेल्या केसांखालचा चेहरा एकदम उघडा पडल्यासारखा दिसला. मावशीला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले, स्टूल सोडून जमिनीवर.

"अगं, काय केलंस हे," ते म्हणाले.

५

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी हात टेकले त्या संध्याकाळी ते इथेच बसले होते. चौकट तेव्हा पहिल्यांदा आली.

"तुझं नाव होतं त्यात. माहेरचं."

मावशीचं माहेरचं नाव या गावात काका आणि भाची सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलच्या कागदांवरही नव्हतं.

"मी नंतर दाबलं. दुसरं काय दाबणार? आणि सकाळी तुझा ताप उतरला."

"औषधांनी उतरला," ती म्हणाली.

"असेल."

"अहो, शिकल्यासवरल्या माणसासारखं बोला. कॉम्प्युटरमधली जाहिरात ती!"

"असेल ना. मी कुठे नाही म्हणतो? पण विचारत होता तोवर मला नंतर म्हणता येत होतं." काका खालीच बघत होते. "दारावरची घंटी काढली म्हणून यायचा माणूस थांबतो का? फक्त न वाजवता येतो."

मावशीला हसायचं होतं. वर्षभर हा माणूस रोज इथे बसला, पाठ मोडली तरी उठला नाही, दात दुखला तरी डॉक्टरकडे गेला नाही. आणि तिला वाटत होतं, रिटायर माणसाचा वेळ जात नाही. तिला हसू आलं नाही. तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, मानेला चिकटलेले केस झटकले आणि खटका पुन्हा चालू केला.

काही आलं नाही. मग तिने वायर जोडली. भाचीने हाकललेल्या साइट आठवतील तशा दोघांनी शोधून उघडल्या आणि प्रत्येकीला हो, हो, हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत पाहुणे परतले. टिंग, आपण फोन जिंकला आहात आहे. टिंग, पोट वितळवा. प्रत्येक टिंगला काका चष्मा सारखा करून पुढे वाकायचे, अक्षर न् अक्षर वाचायचे आणि मागे टेकायचे. किड्यांची चौकट आली तेव्हा तर मावशीला रडू फुटलं. जन्मात कधी तिने जाहिरातींची इतकी वाट पाहिली नव्हती.

राखाडी चौकट आली नाही.

६

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मावशी वाचायला बसली. काम तरी का थांबवायचं, असं ती मोठ्याने म्हणाली. बाहेरच्या दाराची कडी काकांनी लावली होती, आणि लावलीय ना हे दोघांनी वेगवेगळं जाऊन पाहिलं होतं.

दीपगृहाची शेवटची दोन पानं उरली होती. तिने हेडफोन लावले, मायक्रोफोन चालू केला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

तिने हेडफोन वाकडा करून एक बाजू त्यांच्या कानाला लावली. गालाला गाल लावून दोघं ऐकू लागली. खोलीत नुसत्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, गाद्या सगळे आवाज गिळत होत्या. हेडफोनमध्ये मात्र जिना वाजत होता. पावलं वर येत होती.

"शेजारचं कुणी..." मावशी म्हणाली.

काकांनी बोट ओठांवर ठेवलं. या जिन्यावर त्यांचे गुडघे झिजले होते. "कुंड्यांचा मजला," ते पुटपुटले. पावलं थांबली, जशी माणसं वळणावर दम खायला थांबतात. पुन्हा सुरू झाली. "फुटकी पायरी," काका म्हणाले, आणि खरंच तिथे एक पाऊल जरा जपून पडलं. त्यानंतर आपल्या दाराशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

दार वाजलं नाही. कडी वाजली नाही. पण पुढची पावलं जिन्यावरची नव्हती. ती बाहेरच्या खोलीतली होती. गुळगुळीत फरशीवर चपलेविना चालावं तशी.

काकांनी माउस पकडला. पडद्याचा कोपरा रिकामा होता. त्या रिकाम्या जागी ते दाबत सुटले, टक् टक् टक्, आणि तोंडाने म्हणत होते, "नंतर, नंतर, नंतर रे बाबा." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मावशीने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिला भयंकर भीती वाटत होती. पण समोर मायक्रोफोन होता, त्यावर नवऱ्याचा पायमोजा होता, आणि मायक्रोफोनसमोर आपला आवाज कापू द्यायचा नाही ही तिची इतक्या वर्षांची शिस्त होती.

"आत्ता नको," ती म्हणाली. स्वच्छ, सावकाश, नवा परिच्छेद सुरू करावा तशी. "हातातलं पुस्तक व्हायचंय. लोक ऐकायला थांबलेत. नंतर निघू."

पावलं थांबली. दाराला लावलेली रजई आतल्या बाजूला किंचित फुगली आणि पुन्हा सपाट झाली.

मग दोघांच्याही कानात, रजईपलीकडून, एक आवाज आला. रागावलेला नव्हता. लांबून आलेल्या, समजूतदार माणसाचा असतो तसा होता.

"बरं. बसतो मग."

आणि बाहेरच्या खोलीतली वेताची खुर्ची करकरली.

७

पुढच्या आठवड्यात भाची सहज डोकावली. "चौकटी गेल्या का?" म्हणत तिने पिशवी ठेवली आणि वेताच्या खुर्चीकडे वळली.

"तिथे नको!" मावशी आणि काका एकदमच ओरडले.

भाची दचकली. "का? काय झालं?"

"वीण सैल झालीय," काका म्हणाले.

"हो की," ती वाकून बघत म्हणाली. "मध्ये केवढा खोलगट खड्डा पडलाय. कुणी जाडजूड माणूस बसला होता की काय?" तिने सतरंजीवर बसकण मारली. खुर्चीशेजारच्या तिपाईवर पाण्याचा भरलेला पेला होता, झाकण ठेवलेला. तिने हात पुढे केला, तर मावशीने तिला स्वयंपाकघरातून दुसरा आणून दिला.

ती गेल्यावर मावशीने वाचनालयाच्या बाईंना फोन लावला. दीपगृहाची शेवटची दोन पानं अजून तशीच होती. ती रोज एक ओळ वाचायची, पण ओळीच त्या, किती दिवस पुरणार?

"ते पुलांचं पुस्तक," ती म्हणाली, "सहा खंडांचं. पाठवा."

"अहो मावशी, खरंच? कंटाळवाणं आहे हं फार."

"असू द्या. आणखी लांबलचक काही असेल तर तेही बघून ठेवा."

खंड आले ते काकांनी एकेक करून वर आणले, धापा टाकत, आणि मागच्या खोलीत भिंतीशी रचले. मग स्टुलावर बसले. माउसला आता काही काम नव्हतं, तरी त्यांनी हात त्यावर ठेवला.

मावशीने रजई नीट केली. करता करता क्षणभर थांबली, मग जरा विचार करून एका बाजूने थोडी उचलून खिळ्याला अडकवली. बाहेर बसलेल्यालाही ऐकू जायला हवं.

"खंड पहिला," ती वाचू लागली. "प्रकरण पहिलं. माणसाने पहिला पूल कशासाठी बांधला असावा, हे सांगणं कठीण आहे."

बाहेर खुर्ची करकरली. कुणीतरी नीट टेकून बसलं होतं. काका तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "अगं, सावकाश वाच."